गायकांच्या ध्वनिमुद्रित संग्रहांचे कारकीर्दनिहाय मूल्यमापन : काही पद्धतिविचार

एखाद्या कवीचा अभ्यास हाती घेतला की आपला विद्यार्थी प्रथम त्याच्या काव्यसंग्रहांची कालानुक्रमाने यादी करतो, संग्रहामागून संग्रह वाचीत जातो आणि अखेरीस त्या कवीच्या वाटचालीविषयी काही एक अभिप्राय देतो. ही पद्धत आपणांस इतकी परिचित आहे की तिच्यामागे काही गृहीते आहेत याचा सहसा विसर पडतो. आपल्या परभणीचे बी. रघुनाथ यांचेच उदाहरण घ्यावे. १९१३ ते १९५३ असे अवघे चाळीस वर्षांचे आयुष्य. त्यांचा 'आलाप आणि विलाप' हा संग्रह १९४१ सालचा, तर 'पुन्हा नभाच्या लाल कडा' हा त्यांच्या मृत्यूनंतर १९५५ साली प्रसिद्ध झालेला. मरणोत्तर निघालेल्या संग्रहास कवीच्या हयातीत निघालेल्या संग्रहाच्याच मापाने मोजावे काय, हा प्रश्न येथे लगेच उभा राहतो. म्हणजे 'संग्रह' हे माप वाटते तितके सरळ नाही.

हाच प्रश्न आता दुसऱ्या एका क्षेत्रात आपल्यापुढे आला आहे. लोकप्रिय संगीत, विशेषतः पाश्चात्त्य पॉप व रॉक संगीत, यांतील कलावंतांचे मूल्यमापन त्यांच्या अल्बमांच्या क्रमाने करण्याची प्रथा परदेशात अर्धशतकाहून अधिक काळ रूढ आहे. आपल्याकडील पदव्युत्तर विद्यार्थीही गीत व गायन यांवर प्रबंधिका लिहू इच्छितात आणि साहजिकच तेच साधन हाती घेतात. ते साधन कोणते, ते कोठे चालते, कोठे अडते आणि अडले असता अभ्यासकाने काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. हा विचार केवळ तात्त्विक नाही. यापूर्वी या साधनाच्या आंधळ्या वापराने प्रस्तुत लेखकाच्या हातून एक चूक घडली आहे. तिचा उल्लेख योग्य ठिकाणी येईल.

१. माप कोठून आले?

अल्बम हा शब्द मुळात छायाचित्रे चिकटविण्याच्या वहीचा. मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. एखादी दीर्घ रचना अनेक तबकड्यांवर विभागावी लागे आणि त्या तबकड्या जाड पुठ्ठ्याच्या वहीत घालून विकल्या जात. त्या वहीवरून हे नाव पडले. १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने दीर्घवादी तबकडी बाजारात आणिली. तिच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत राहू लागले. वही गेली, परंतु नाव राहिले.

प्रारंभी दीर्घवादी तबकडी ही सुट्या गाण्यांची पिशवीच होती. तिला एकसंध कृतीचे स्वरूप हळूहळू आले. फ्रँक सिनात्रा यांच्या १९५५ च्या 'इन द वी स्मॉल अवर्स' या तबकडीत एकाच मनःस्थितीची गाणी मुद्दाम एकत्र गुंफलेली आढळतात. बीटल्स या इंग्लिश गायकवृंदाच्या दोन तबकड्या शेजारी ठेविल्या म्हणजे हा बदल स्पष्ट दिसतो. 'प्लीज प्लीज मी' या त्यांच्या पहिल्या तबकडीतील १४ गाण्यांपैकी १० गाणी ११ फेब्रुवारी १९६३ या एकाच दिवशी मुद्रित झाली. उलट 'सार्जंट पेपर' या १९६७ च्या तबकडीचे काम सुमारे पाच महिने चालले होते. पहिली तबकडी रंगमंचावर रोज गाणाऱ्या मंडळींच्या गाण्याची नोंद आहे. दुसरी मुद्रणगृहातच जन्मास आलेली, रंगमंचावर जशीच्या तशी सादर न होऊ शकणारी रचना आहे. दोहोंसही आपण अल्बमच म्हणतो. एकाच नावाखाली दोन भिन्न जातींच्या वस्तू येतात, ही गोष्ट अभ्यासकाने आरंभीच ध्यानात ठेविली पाहिजे.

यापुढचा फेरबदल कॅसेटीने घडविला. फिलिप्स कंपनीने १९६३ साली आणलेली ही छोटी डबी भारतात १९८० च्या दशकात घरोघर पोहोचली. तबकडी काढावयास कारखाना लागे. कॅसेटीची प्रत काढावयास लहानशी खोली पुरे. त्यामुळे मोजक्या कंपन्यांच्या हातांतील ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय जिल्ह्याजिल्ह्यांत पसरला. पीटर मॅन्युएल यांनी उत्तर भारतातील या उलथापालथीचा 'कॅसेट कल्चर' या १९९३ च्या ग्रंथात विस्ताराने परामर्श घेतला आहे. १९८२ मध्ये लेसर तबकडी आली आणि या शतकात तर गाणे पुन्हा सुटे झाले. मोबाइलवर ऐकणाऱ्यास ते कोणत्या संग्रहातील आहे हे ठाऊक असण्याचे कारणही उरले नाही. एवंच, अल्बम हे कलाकृतीचे शाश्वत रूप नव्हे. ते साधारणतः १९५५ ते २००५ या कालखंडात विशिष्ट यंत्रांमुळे प्रभावी झालेले एक रूप आहे.

२. रूढ पद्धती आणि त्यांच्या मर्यादा

पाश्चात्त्य समीक्षेत कारकिर्दीच्या मूल्यमापनाच्या मुख्यतः तीन पद्धती दिसतात.

पहिली श्रेणीची. रॉबर्ट क्रिस्टगाऊ यांनी १९६९ पासून 'व्हिलेज व्हॉइस' या पत्रात प्रत्येक अल्बमास परीक्षेतल्याप्रमाणे अक्षरश्रेणी देण्याचा उपक्रम सुरू केला. थोडक्या शब्दांत अभिप्राय आणि शेवटी श्रेणी, असे त्याचे स्वरूप. या पद्धतीचा गुण असा की समीक्षकास स्पष्ट निर्णय द्यावा लागतो, गुळमुळीत बोलता येत नाही. दोष असा की श्रेणींची बेरीज करून कारकीर्द मोजण्याचा मोह होतो. तीन उत्तम आणि तीन सामान्य अल्बम काढणारा कलावंत व सहा मध्यम अल्बम काढणारा कलावंत सरासरीने सारखेच ठरतात. प्रत्यक्षात त्यांच्यात काहीच साम्य नसते.

दुसरी पद्धत क्रमवारीची. 'रोलिंग स्टोन' या नियतकालिकाने २००३ साली सर्वश्रेष्ठ ५०० अल्बमांची यादी प्रसिद्ध केली, तेव्हा 'सार्जंट पेपर' पहिला होता. त्याच नियतकालिकाच्या २०२० च्या यादीत मार्विन गे यांचा १९७१ चा 'व्हॉट्स गोइंग ऑन' पहिला आला आणि 'सार्जंट पेपर' चोविसावा ठरला. सतरा वर्षांत तबकडीतील एक स्वरही बदललेला नव्हता. बदलले ते मत देणारे, त्यांचे वय, वंश व आवडी. यादी आपणांस कलाकृतीविषयी जितके सांगते त्याहून अधिक ती करणाऱ्यांविषयी सांगते, हा धडा यातून घ्यावयाचा.

तिसरी पद्धत आलेखाची. हीच आपल्या विद्यार्थ्यांस सर्वाधिक भुरळ घालते. उमेदवारी, बहर आणि ओहोटी असे कारकिर्दीचे तीन भाग पाडावयाचे आणि प्रत्येक अल्बम त्या चढउतारावर टाचावयाचा. वाचावयास ही पद्धत गोड, परंतु ती पुरावा पाहण्याआधीच निष्कर्ष ठरविते. बॉब डिलन यांचे उदाहरण यासाठी बोलके आहे. त्यांचा पहिला अल्बम १९६२ चा. १९७० च्या 'सेल्फ पोर्ट्रेट' या अल्बमावर समीक्षकांनी कठोर टीका केली आणि बहर सरला अशी भावना पुष्कळांची झाली. १९७५ साली 'ब्लड ऑन द ट्रॅक्स' आला आणि तो आज त्यांच्या श्रेष्ठ कृतींत गणला जातो. पुढे वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, १९९७ साली, 'टाइम आउट ऑफ माइंड' आला. त्यास वर्षातील सर्वोत्तम अल्बमाचे ग्रॅमी पारितोषिक लाभले. इतकेच नव्हे, तर १९७० च्या सुमाराची अप्रकाशित मुद्रणे २०१३ साली बाहेर आल्यावर 'सेल्फ पोर्ट्रेट' विषयीचे जुने मतही अनेकांनी सौम्य केले. ओहोटीची रेषा ज्यांनी १९७० साली काढली त्यांस ती तीन वेळा पुसावी लागली.

आपल्याकडील शास्त्रीय गायनात तर या आलेखाचा फोलपणा अधिकच प्रत्ययास येतो. कुमार गंधर्व यांचा जन्म १९२४ चा. १९३० च्या दशकात बालगायक म्हणून त्यांची कीर्ती सर्वत्र पसरली. पुढे क्षयाने त्यांस गाठले, १९४८ साली ते देवास येथे गेले आणि काही वर्षे गाणेच बंद राहिले. एक फुफ्फुस जवळजवळ निकामी झालेल्या त्या देहातून १९५० च्या दशकात जे गाणे उमटले ते जुन्या गाण्याचा उतार नव्हता व चढही नव्हता. लहान श्वासाच्या मर्यादेतून घडलेली ती वेगळीच गायकी होती. ज्यास आपण कारकीर्द म्हणतो ती येथे एक रेषा नसून दोन स्वतंत्र जीविते आहेत.

३. पाच कसोट्या

मग अभ्यासकाने करावे काय? निर्णयच देऊ नये, असे मुळीच नाही. निर्णय न देणारी समीक्षा ही नोंदवही होय. तथापि निर्णयापूर्वी पुढील पाच प्रश्नांची उत्तरे मिळविणे अगत्याचे आहे.

पहिला प्रश्न पाठाचा : आपण कोणती प्रत ऐकत आहोत? बीटल्सच्या १९६६ च्या 'रिव्हॉल्व्हर' या तबकडीच्या इंग्लिश आवृत्तीत १४ गाणी होती. अमेरिकन आवृत्तीत ११. गाळलेली तिन्ही गाणी मुख्यतः जॉन लेनन यांची होती. परिणामी अमेरिकन श्रोत्यास त्या तबकडीत लेनन अगदीच मागे पडलेले वाटले. तो निष्कर्ष कलावंताविषयी नव्हता, कंपनीच्या कात्रीविषयी होता. आपल्याकडे 'गीत रामायण' पाहावे. ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांची ही ५६ गीतांची माला १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून वर्षभर दर आठवड्यास सादर झाली. त्या मूळ प्रसारणात माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके, लता मंगेशकर असे निरनिराळे कंठ होते. पुढे महाराष्ट्रभर पोहोचली ती मात्र एकट्या फडके यांच्या आवाजातील आवृत्ती. पात्रापात्रांच्या मुखी असलेले काव्य आणि एकाच कथेकऱ्याच्या मुखी असलेले काव्य यांचा परिणाम सारखा असू शकत नाही. 'गीत रामायणा'विषयी लिहिणाऱ्याने आपण कोणत्या 'गीत रामायणा'विषयी लिहीत आहोत हे पहिल्याच पानावर सांगितले पाहिजे.

दुसरा प्रश्न कर्तृत्वाचा : ही कृती कोणाची? मुखपृष्ठावर नाव गायकाचे असते. परंतु शब्द, चाल, वाद्यमेळ व मुद्रण यांचे धनी निराळे असू शकतात. मराठी भावगीतात तर कवी व संगीतकार यांचा वाटा गायकाइतकाच, कित्येकदा अधिक असतो. गायकाच्या कारकिर्दीत दिसणारा पालट हा प्रत्यक्षात संगीतकार बदलल्याचा परिणाम तर नाही ना, हे पडताळून पाहावे.

तिसरा प्रश्न साधनांचा : किती वेळ, किती पैसा, कोणते यंत्र? चौथा प्रश्न क्रमाचा : हा संग्रह आधीच्या संग्रहातील कोणता प्रश्न पुढे नेतो, कोणता सोडून देतो? पाचवा प्रश्न श्रवणाचा : तो कोणी, कोठे व कोणत्या प्रसंगी ऐकला? पहिले दोन प्रश्न वस्तू निश्चित करतात, तिसरा व चौथा तिची घडण उलगडतात आणि पाचवा तिचे जीवन दाखवितो. वस्तू निश्चित होण्यापूर्वी तिच्या गुणदोषांची चर्चा करणे म्हणजे पाठनिश्चिती होण्याआधी पोथीचे रसग्रहण करणे होय.

४. दोन उदाहरणे : गोवा व मुंबई

ही पद्धत जेथे नीट चालते अशी दोन उदाहरणे आपल्या शेजारचीच आहेत.

गोव्यातील शिवोली गावचे रेमो फर्नांडिस (जन्म १९५३) यांनी १९८४ साली 'गोअन क्रेझी' हा इंग्रजी गीतांचा संग्रह काढिला. मुद्रण घरीच, चार पट्ट्यांच्या कॅसेटयंत्रावर. वाद्ये त्यांनीच वाजविलेली, गायन त्यांचेच आणि विक्रीही सुरुवातीस त्यांनीच फिरून केलेली. त्यामागोमाग 'ओल्ड गोअन गोल्ड' (१९८५), 'पॅक दॅट स्मॅक' (१९८६) व 'बॉम्बे सिटी' (१९८७) असे संग्रह आले. केवळ ध्वनीच्या स्वच्छतेवरून श्रेणी द्यावयाची तर पहिला संग्रह सर्वांत खाली जाईल. तिसरी कसोटी लाविली की चित्र पालटते. एकाच व्यक्तीने चार पट्ट्यांवर थर चढवीत केलेल्या त्या मुद्रणात साधनांची मर्यादा हेच रचनेचे तत्त्व झालेले आढळते. चौथी कसोटी लाविली म्हणजे आणखी एक गोष्ट ध्यानात येते : नावांच्या क्रमातच गावापासून शहराकडे जाणारी वाट आहे. आधी गोव्याचे स्वतःकडे हसून पाहणे, मग गोव्याची जुनी गाणी, मग अमली पदार्थांचा सामाजिक प्रश्न आणि शेवटी मुंबई. याच काळात 'जलवा' (१९८७) या चित्रपटाने व पुढे 'बॉम्बे' (१९९५) मधील 'हम्मा' या गीताने त्यांचा आवाज देशभर गेला. ज्यांनी रेमो केवळ चित्रपटातून ऐकिले त्यांस हा चार संग्रहांचा क्रम दिसतच नाही.

दुसरे उदाहरण मुंबईच्या रॉक मशीन या गायकवृंदाचे. १९८० च्या दशकात मुंबईतील बहुतेक रॉकवृंद परदेशी गाणी हुबेहूब सादर करण्यात धन्यता मानीत. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या या वृंदाने १९८८ साली 'रॉक अँड रोल रेनेगेड' हा स्वतःच्या गाण्यांचा संग्रह काढिला. १९९० साली 'द सेकंड कमिंग' आला. १९९३ मध्ये उदय बेनेगल, महेश तिनईकर प्रभृतींच्या या वृंदाने आपले नाव बदलून इंडस क्रीड असे ठेविले, १९९५ साली त्याच नावाचा संग्रह प्रसिद्ध केला, १९९७ च्या सुमारास वृंद विखुरला आणि २०१० साली पुन्हा एकत्र येऊन २०१२ साली 'इव्हॉल्व्ह' हा चौथा संग्रह दिला.

आलेख काढणारा येथे चार बिंदू जोडून मोकळा होईल. परंतु या कारकिर्दीतील सर्वांत अर्थपूर्ण गोष्ट बिंदूंत नाही. ती तिसऱ्या व चौथ्या बिंदूंमधील सतरा वर्षांच्या पोकळीत आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात दूरचित्रवाणीच्या वाहिन्या व ध्वनिमुद्रण कंपन्या हिंदी पॉप आणि चित्रपटसंगीत यांकडे वळल्या. इंग्रजीतून स्वतःची गाणी रचणाऱ्या भारतीय रॉकवृंदास बाजारात जागा उरली नाही. ही पोकळी कलावंताच्या ओहोटीची खूण नसून परिस्थितीची खूण आहे. कारकिर्दीचा अभ्यास करणाऱ्याने जे निघाले त्याइतकेच जे निघू शकले नाही त्याकडे लक्ष दिले पाहिजे, हे यातून सिद्ध होते.

५. जेथे माप अडते

आता पूर्वी उल्लेखिलेल्या चुकीकडे वळावयाचे. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने प्रल्हाद शिंदे यांच्या गायनावर प्रबंधिका लिहिण्याची इच्छा दर्शविली. प्रस्तुत लेखकाने त्यास त्यांच्या संग्रहांची कालानुक्रमी यादी आणावयास सांगितले. तीन महिन्यांनी तो आला तेव्हा त्याच्यापाशी एक पिशवीभर कॅसेटी होत्या, यादी नव्हती. यादी नाही तर विषय नाही, असे म्हणून त्यास परत पाठविले. त्याने पुढे दुसरा, सुरक्षित विषय घेतला व तो उत्तीर्णही झाला. दोष विद्यार्थ्याच्या श्रमांत नव्हता. मागितलेल्या वस्तूत होता.

प्रल्हाद शिंदे (१९३३ ते २००४) हे मंगळवेढ्याकडचे. कीर्तन व कव्वाली या दोन्ही परंपरांचे संस्कार त्यांच्या आवाजावर होते. विठ्ठलाची व गणपतीची भक्तिगीते, बुद्ध व भीमगीते, लोकगीते या सर्व प्रकारांत त्यांचा कंठ महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोहोचला. पुढे आनंद व मिलिंद या त्यांच्या पुत्रांनी तीच वाट धरिली. अशा गायकाच्या कारकिर्दीस अल्बमाचे माप लावू गेल्यास काय होते? एकच गाणे निरनिराळ्या नावांच्या अनेक कॅसेटींत आढळते. पुष्कळ कॅसेटींवर मुद्रणाचे वर्ष नसते. असले तर ते त्या कॅसेटीचे असते, गाण्याचे नव्हे. गाण्यांची निवड व क्रम गायकाने ठरविलेला नसतो, विक्रेत्याने ठरविलेला असतो. ज्यास आपण संग्रह म्हणून मोजावे अशी वस्तूच येथे नाही. मग कारकीर्द नाही असे म्हणावे काय?

तसे म्हणणे हास्यास्पद आहे, हे परभणीच्या कोणत्याही रहिवाशास सांगावे लागणार नाही. आषाढी वारीच्या दिवसांत, गणेशोत्सवात, १४ एप्रिलच्या मिरवणुकीत जो आवाज ऐकू येतो, त्याचे वेळापत्रक पंचांगाशी व जयंतीशी बांधलेले आहे, प्रकाशनाच्या तारखेशी नाही. या गायनाचे एकक अल्बम नसून 'गाणे आणि त्याचा प्रसंग' हे आहे. तेच गाणे वीस वर्षे त्याच प्रसंगी वाजते आणि त्याचा अर्थ तेवढ्यात पालटत जातो. येथे आपल्या पाच कसोट्यांचा क्रम उलटा करावा लागतो : आधी श्रवणाचा प्रश्न, मग कर्तृत्वाचा, आणि शेवटी, जमल्यास, पाठाचा.

याच जिल्ह्यात आणखी एक पायरी खाली उतरून पाहता येते. गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. त्यांच्या नावाशी जाते व दळण यांचा संबंध मराठी मनात घट्ट बांधलेला आहे. जात्यावरील ओवी गाणाऱ्या स्त्रियांना मुखपृष्ठ नव्हते, कंपनी नव्हती व कारकीर्द हा शब्दही नव्हता. हेमा राईरकर व गी पोइटेव्हाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, आणि त्यांतील काही ध्वनिमुद्रणे आपल्या पूर्णा तालुक्यातील ताडकळस येथील आहेत. एका स्त्रीने आयुष्यभर गाइलेल्या ओव्यांतून तिच्या माहेरापासून वार्धक्यापर्यंतचा प्रवास जर ऐकू येत असेल, तर तीही कारकीर्दच होय. मात्र ती वर्षांनी मोजावयाची नसून विषयांनी मोजावयाची.

६. विद्यार्थ्यांस काही व्यवहारी सूचना

ज्यांस अशा विषयावर काम करावयाचे आहे त्यांनी पुढील दक्षता घ्यावी.

प्रथम एकक ठरवावे आणि ते का ठरविले हे लिहावे. संग्रह हा कलावंताने सिद्ध केलेला असेल तर संग्रह, नसेल तर गीत, गीतही सुटे नसेल तर प्रसंग किंवा विषय. दुसरे, कालनिश्चितीसाठी वेष्टनावरील वर्षावर विसंबू नये. तबकडीच्या मध्यभागाजवळ कोरलेला साचाक्रमांक, कंपनीचा सूचिक्रमांक, वेष्टनावरील छापील किंमत व पत्ता, आकाशवाणीच्या नोंदी आणि वृत्तपत्रांतील जाहिराती यांचा परस्परांशी मेळ घालावा. तिसरे, ऐकणे दोनदा करावे : एकदा कालक्रमाने आणि एकदा उलट्या क्रमाने, अखेरच्या मुद्रणापासून पहिल्याकडे. उलट्या क्रमाने ऐकिले म्हणजे 'पुढे काय झाले' हे ठाऊक असल्यामुळे निर्माण होणारा भ्रम पुष्कळ अंशी गळून पडतो. चौथे, वर्णन व निर्णय वेगळ्या परिच्छेदांत ठेवावेत. श्रेणी देऊ नये. 'या संग्रहात अमुक साधले आहे, अमुक साधलेले नाही, त्याची कारणे ही' असे विधान करावे, म्हणजे पुढच्या अभ्यासकास त्याचे खंडन करता येईल. ज्या निर्णयाचे खंडन करता येत नाही तो संशोधनाच्या उपयोगाचा नसतो.

पाचवी सूचना निकडीची आहे. कॅसेटीची फीत म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीवर चुंबकीय भुकटीचा थर. उष्णता, दमटपणा व धूळ यांनी तो थर सुटू लागतो, गुंडाळलेल्या एका वेटोळ्यावरील ध्वनीचा ठसा शेजारच्या वेटोळ्यावर उमटतो आणि आवाज अंधुक होत जातो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या छताखाली राहिलेल्या १९८० च्या दशकातील कॅसेटी आता पस्तीस-चाळीस वर्षांच्या झाल्या आहेत. मोठ्या कंपन्यांची मुद्रणे कोठे तरी सुरक्षित राहतील. छोट्या गावांत निघालेल्या कॅसेटीची उरलेली प्रत कदाचित एखाद्या घरातील माळ्यावरचीच असेल. काय जपावयाचे हे ठरविण्यापूर्वी काय मोलाचे हे ठरविले जाते, आणि ते ठरविण्याचे काम, आपणांस आवडो वा न आवडो, विद्यापीठातील अभ्यासकांकडे येते. ज्यास आपण अभ्यासविषय मानीत नाही ते जतनाच्या यादीत येत नाही, व जे यादीत येत नाही ते काही वर्षांनी उरत नाही. चुकीचे माप लावल्याने एखाद्या बीटल्सच्या तबकडीचे काही बिघडणार नाही; तिच्या लक्षावधी प्रती आहेत. बिघडते ते येथले.

त्या विद्यार्थ्याच्या पिशवीतील कॅसेटींचे पुढे काय झाले याची चौकशी प्रस्तुत लेखकाने अलीकडे केली. बऱ्याचशा त्याच्या भावाने रद्दीबरोबर दिल्या होत्या. अकरा शिल्लक होत्या, त्यांपैकी सात वाजल्या. त्या सातांची गाणी, प्रत्येक गाणे कोणत्या प्रसंगी वाजत असे याविषयी त्याच्या आईने दिलेली माहिती आणि वेष्टनांची छायाचित्रे अशी नोंद आता करून ठेविली आहे. यादी अजूनही नाही. परंतु अभ्यासास आरंभ करावयास एवढे पुरेसे आहे, आणि तो विषय कोणा विद्यार्थ्याने पुन्हा मागितल्यास त्यास या वेळी यादी मागितली जाणार नाही.